दोनशे सत्तर पेशींची लहर

अकोल्यात मे महिन्यात ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, काढायचा तर आधी कूलर बंद करावा लागतो. कूलरची मोटर ५० हर्ट्‌झची गुणगुण खोलीभर पसरवते आणि डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडच्या तारा ती इमानेइतबारे उचलतात. कूलर बंद केला, की थोड्याच वेळात पेशंटच्या कपाळावर घाम येतो. घामातल्या क्षारांनी इलेक्ट्रोडखालचा विद्युतदाब सरकायला लागतो आणि पडद्यावरच्या रेघा आपली जागा सोडून सावकाश वरखाली व्हायला लागतात. "मॅडम, उन्हाळ्यात मी पेशंटले सकाळी सातलेच बोलावतो," तिथले तंत्रज्ञ मला म्हणाले. "तवा कूलरबी लागत नाई अन् घामबी येत नाई."

मी अमरावतीत एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. माहेर अकोल्याचं, जठारपेठेतलं. त्यामुळे बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू हा रस्ता अंगवळणी पडलेला. भावाचे एक वर्गमित्र अकोल्यात मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. त्यांच्या परवानगीने आणि पेशंटच्या घरच्यांना विचारून मी त्यांच्या ईईजीच्या खोलीत बसत आले आहे. सिग्नल शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगली शाळा मिळणार नाही. डोक्याच्या कातडीवर मिळणारा हा सिग्नल तीसएक मायक्रोव्होल्टचा असतो, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलचा साधारण पन्नास हजारावा भाग. तो पकडायचा, वाढवायचा, त्यातून विजेची गुणगुण, पापण्यांची उघडझाप आणि जबड्याच्या स्नायूंची खरखर वेगळी काढायची आणि मग उरेल त्याला मेंदूचं म्हणायचं.

एकदा पातूर तालुक्यातून एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. पोराला वर्गात बसल्या बसल्या काही सेकंद हरवल्यासारखं व्हायचं. तंत्रज्ञांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि डोक्याच्या मागच्या भागातल्या इलेक्ट्रोडांच्या रेघांवर नियमित लहर सुरू झाली, सेकंदाला दहाएक हेलकावे. डोळे उघडले, लहर गेली. त्या बाई पडद्याकडे टक लावून पाहत होत्या. मग मला म्हणाल्या, "बाप्पा, त्याच्या डोक्यात काय चालू हाये थे दिसते का याच्यात?"

दिसतं, असं मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण ही लहर का उठते, कुठल्या पेशींनी काय केल्यावर तिला हाच आकार येतो, हे त्या पडद्यावर दिसत नाही. हा लेख त्या न दिसणाऱ्या भागाबद्दल आहे. तो भाग समजावा म्हणून जगभरची माणसं जे सॉफ्टवेअर लिहितात आणि सांभाळतात, त्याबद्दल आहे.

डोळे मिटल्यावरची ती लहर पहिल्यांदा पाहिली हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने. येना गावी १९२४ साली त्याने माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली आणि पाच वर्षं खात्री करत राहून १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. ८ ते १३ हर्ट्‌झच्या त्या लहरीला त्याने अल्फा म्हटलं. तेव्हापासून ईईजी वाचण्याची पद्धत मुळात फारशी बदललेली नाही. डॉक्टर आकार ओळखतात. सेकंदाला तीनच्या गतीने टोक आणि लाट, टोक आणि लाट अशी जोडी सगळ्या डोक्यावर एकदम दिसली, की पोर 'हरवतं' का, याचं निदान होतं आणि गोळी सुरू होते. शेकडो आलेख पाहिलेल्या डोळ्यांची ही विद्या आहे आणि माझ्या मनात तिच्याबद्दल पूर्ण आदर आहे. पण आकार ओळखणं आणि आकाराचं कारण सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला मेंदूची नक्कल गणितात उभी करावी लागते.

आधी ही लहर येते कुठून ते पाहू. मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, पिरॅमिडच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचा एक लांब फाटा थराच्या पृष्ठभागाकडे सरळ वर गेलेला असतो आणि शेजारशेजारच्या हजारो पेशींचे हे फाटे एकमेकांना समांतर असतात. पेशीला दुसऱ्या पेशीकडून संदेश मिळाला, की या फाट्यातून सूक्ष्म प्रवाह वर किंवा खाली वाहतो. एकट्या पेशीचा प्रवाह कवटीबाहेर कधीच कळणार नाही. बहिरमच्या यात्रेत दूर शेतात उभं राहिलं तर माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, एक अखंड गजबज येते. पण सगळ्यांनी एका दमात जयघोष केला, तर तो मैलभर कळतो. मेंदूचंही तसंच. पन्नासएक हजार पिरॅमिडल पेशींचे प्रवाह एकाच क्षणी एकाच दिशेने वाहिले, तर बाहेरच्या यंत्राला काहीतरी हाती लागतं. ईईजी त्या प्रवाहाने निर्माण झालेला विद्युतदाब मोजतो. एमईजी नावाचं यंत्र त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजतं. ते क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असल्यामुळे यंत्र खास बंदिस्त खोलीत ठेवावं लागतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ते आहे. आपल्याकडच्या तालुक्यांतून तिथवर पोचणारे पेशंट थोडेच.

मग बाहेरची नोंद घेऊन आतला प्रवाह उलट दिशेने शोधून काढावा, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण हर्मान फॉन हेल्महोल्ट्‌झने १८५३ सालीच दाखवून दिलं, की बाहेरच्या मापनावरून आतल्या प्रवाहांची मांडणी एकमेव ठरत नाही. अनेक वेगवेगळ्या मांडण्या बाहेर तंतोतंत सारखाच विद्युतदाब देऊ शकतात. यंत्र कितीही चांगलं आणलं, तरी ही अडचण हटत नाही. म्हणून वाट उलटी धरायची: आतून सुरुवात करायची. पेशी कशा वागतात, त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून जेवढं कळलंय तेवढं गणितात मांडायचं, त्यातून बाहेर कोणती लहर येईल ते काढायचं आणि खऱ्या माणसाच्या नोंदीशेजारी ती ठेवून पाहायचं.

एका पेशीचं गणित १९५२ सालचं आहे. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून सोडियम आणि पोटॅशियमचे आयन पेशीच्या आवरणातून कधी, किती आत-बाहेर जातात याची समीकरणं लिहिली. ती सोडवायची वेळ आली तेव्हा केंब्रिजचा संगणक दुरुस्ती-बदलांसाठी बंद होता. हक्सलीने हाताने फिरवायच्या यांत्रिक गणकावर आकडेमोड केली आणि तंतूवरून धावणाऱ्या एका स्पंदाचं गणित पुरं करायला त्याला सुमारे तीन आठवडे लागले. १९६३ साली दोघांना जॉन एक्लिस यांच्याबरोबर नोबेल मिळालं. वर्गात मी ही समीकरणं शिकवते तेव्हा हक्सलीच्या त्या हँडलबद्दल नेहमी सांगते, कारण संगणकाने या शास्त्राला काय दिलं हे त्याशिवाय कळत नाही.

ती आकडेमोड कोणालाही करता यावी म्हणून मायकेल हाइन्स यांनी अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जॉन मूर यांच्यासोबत आणि पुढे येल विद्यापीठात जे सॉफ्टवेअर घडवलं, त्याचं नाव न्यूरॉन. पेशीच्या फांद्यांचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात हॉजकिन-हक्सलीच्या जातीची समीकरणं बसवायची आणि काळ अगदी बारीक पावलांनी पुढे सरकवत जायचा. हे सॉफ्टवेअर चार दशकांकडे येऊन ठेपलं तरी अजून नेटाने सांभाळलं जातं आणि मोफत मिळतं. त्याच्याच खांद्यावर उभं आहे मी वापरते ते: ह्युमन निओकॉर्टिकल न्यूरोसॉल्व्हर, म्हणजे एचएनएन. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथल्या ब्राउन विद्यापीठात स्टेफनी जोन्स यांच्या गटाने ते पुढे नेलं. जोन्स मुळात गणितज्ञ. एमईजीच्या क्षेत्रातले जाणते मॅट्टी हॅमॅलॅइनेन त्यांचे सहकारी. एचएनएनवरचा मुख्य शोधनिबंध २०२० चा. त्याचा गाभा पायथन भाषेत नव्याने, नीट रचून एचएनएन-कोअर या नावाने उपलब्ध झाला आणि त्याचा निबंध २०२३ साली 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर'मध्ये आला. पहिले लेखक मैनाक जास.

या सॉफ्टवेअरमधलं नेहमीचं जाळं अगदी लहान आहे. दहा बाय दहाच्या चौकटीत मांडलेल्या १०० पिरॅमिडल पेशी वरच्या थरात, १०० खालच्या थरात. शिवाय दोन्ही थरांत ३५-३५ बास्केट पेशी. शेजारणींना आवर घालणं हे त्यांचं काम. एकूण २७०. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. तरीही या २७० पेशी पुरतात, कारण प्रश्न कॉर्टेक्सच्या एका छोट्या ठिपक्याचा आहे आणि शेवटी येणाऱ्या आकड्याला एका गुणकाने मोठं करता येतं. बोटाला हलका स्पर्श केल्यावर मेंदूत उठणाऱ्या लहरीसाठी हा गुणक ३००० च्या आसपास धरतात. २०० पिरॅमिडल पेशी गुणिले ३०००, म्हणजे सहा लाख पेशी त्या लहरीमागे असाव्यात, असा अंदाज त्यातून निघतो. कवटी न उघडता काढलेला हा आकडा आहे.

आता हे प्रत्यक्ष चालतं कसं? बोटाला स्पर्श होतो. संदेश मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमधून कॉर्टेक्सच्या त्या ठिपक्यात सुमारे २६ मिलिसेकंदांनी पोचतो, खालच्या बाजूने. पेशींच्या फाट्यात प्रवाह वर ढकलला जातो. मग ६३ मिलिसेकंदांच्या सुमारास दुसरा संदेश येतो, वरच्या थराकडून, मेंदूच्या इतर भागांतून फिरून. तो प्रवाह खाली लोटतो. १३७ मिलिसेकंदांना तिसरा, पुन्हा खालून. हे तीन धक्के दिले, की पडद्यावर जी लहर उमटते, तिला एक लहान चढ, मग सत्तर मिलिसेकंदांजवळ खोल उतार, मग मोठा चढ असा आकार येतो. खऱ्या माणसांच्या एमईजीत स्पर्शानंतर हाच आकार मिळतो.

विद्यार्थ्यांना मी एकच गोष्ट करायला सांगते. दुसऱ्या धक्क्याची वेळ ६३ वरून ८३ करा आणि पुन्हा चालवा. उतार उजवीकडे सरकतो, त्याची खोली बदलते आणि नंतरच्या मोठ्या चढाचा पायाही हलतो. कारण पेशी अजून सावरलेल्या नसताना पुढचा धक्का येऊन बसतो. मग दुसरा धक्का काढूनच टाका. उतार जवळजवळ नाहीसा होतो. इथे पोरं गप्प होऊन पडद्याकडे पाहतात. पुस्तकात 'वरच्या थराकडून येणारे संदेश' हे शब्द त्यांनी वाचलेले असतात. त्या शब्दांचं वजन त्यांना इथे कळतं. एखाद्या आजारात किंवा म्हातारपणात हा उतार उशिरा येत असेल, तर संदेश उशिरा निघतो का, की क्षीण येतो, की आवर घालणाऱ्या पेशी जास्त जोर करतात, हे तिन्ही एकेक करून तपासता येतं. ईईजीच्या नुसत्या कागदावर हे तिघे एकसारखे दिसू शकतात.

१७० मिलिसेकंदांची ही घटना संगणक ०.०२५ मिलिसेकंदांच्या पावलांनी चालतो. म्हणजे ६,८०० पावलं आणि प्रत्येक पावलाला २७० पेशींच्या प्रत्येक तुकड्याचं गणित. साध्या लॅपटॉपवर हे होतं, थोडं थांबावं लागतं एवढंच. लवकर हवं असेल, तर काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांत वाटून द्यायचं.

काम वाटून देण्याची ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. अमरावती-अकोला रस्त्यावर मूर्तिजापूर येतं, त्या तालुक्यातल्या मुरंबा गावी १९४६ साली विजय भटकर जन्मले. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे महासंगणक सहज मिळेनात तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० उभा राहिला. एकच अवाढव्य, महागडा प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता, बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्यात काम वाटायचं, हा त्यामागचा विचार. आज मेंदूची मोठी जाळी ज्या संगणकांवर चालतात ते सगळे याच विचाराचे आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये बसवलेला 'परम ब्रह्म' त्याच वंशातला. मूर्तिजापूर आलं, की मी गाडीत बसलेल्या पोरांना हे सांगते. त्यातल्या बहुतेकांनी भटकरांचं नाव ऐकलेलं असतं, गाव मात्र ठाऊक नसतं.

पण प्रोसेसर अनेक मिळाले म्हणून जुनं सॉफ्टवेअर आपोआप त्यांच्यात वाटलं जात नाही; ते बसून पुन्हा लिहावं लागतं. न्यूरॉनचं तेच झालं. स्वित्झर्लंडच्या ब्लू ब्रेन प्रकल्पात त्याचं आकडेमोडीचं इंजिन नव्याने घडवण्यात आलं. त्याचं नाव कोअरन्यूरॉन. २०१९ च्या निबंधात पहिलं नाव प्रमोद कुंभार यांचं आहे, लगेच पुढे मायकेल हाइन्स यांचं. मेमरी चौपट ते सातपट कमी लागावी इथपर्यंत त्यांनी ते आवळलं आणि त्याचा वेगही वाढवला. मेंदूविज्ञानात हे काम किती मोलाचं आहे हे सांगायला मला मोठे शब्द वापरावेसे वाटतात. आठवडाभर चालणारं गणित दोन दिवसांत झालं, तर शास्त्रज्ञ तीनपट प्रश्न विचारू शकतो.

भारतात या विद्येचं मूळ बरंच जुनं आहे. उपिंदर भल्ला यांनी कॅलटेकमध्ये मॅट विल्सन आणि जेम्स बोअर यांच्यासोबत १९८० च्या दशकाअखेर 'जेनेसिस' हे सॉफ्टवेअर घडवलं. पुढे बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत त्यांनी 'मूस' उभारलं. त्याच्या एका आवृत्तीचं नाव आहे जलेबी. पुण्याच्या आयसरमध्ये सुहिता नाडकर्णी दोन पेशींच्या सांध्यात कॅल्शियमचे कण कसे फिरतात याची प्रतिरूपं बनवतात आणि कॉलिन्स असिसी पेशींच्या जाळ्यांची. विदर्भातल्या मुलांना ही नावं ठाऊक असायला हवीत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या मनात मेंदूचं संशोधन म्हणजे एमबीबीएस झाल्यावरची गोष्ट असते, आणि सॉफ्टवेअर म्हणजे पुण्यातली कंपनी. गणित आणि पायथन येणाऱ्या पोराला मेंदूकडे नेणारी सरळ वाट आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता सॉफ्टवेअरच्या आतल्या बाजूकडे येते, कारण मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते त्याबद्दल.

वर सांगितलेला २६ मिलिसेकंदांचा पहिला धक्का सगळ्या पेशींना बरोबर २६ लाच मिळत नाही. निसर्गात तसं घडत नाही. म्हणून सॉफ्टवेअर त्या वेळेभोवती यादृच्छिक आकडे काढतं: कुणाला २४, कुणाला २८. म्हणजे प्रत्येक वेळी चालवल्यावर लहर थोडी वेगळी येणार. मग अमरावतीत मी काढलेलं उत्तर प्रॉव्हिडन्समधल्या माणसाला पडताळता कसं येईल? यासाठी यादृच्छिक आकड्यांच्या मालिकेला एक सुरुवातीचा आकडा दिलेला असतो, त्याला सीड म्हणतात. सीड तोच ठेवला, की मालिका तीच येते आणि लहरही तीच. सॉफ्टवेअरसोबत एक जुनी, तपासलेली लहर आकड्यांच्या स्वरूपात जपून ठेवलेली असते. कुणीही, कुठेही, एक ओळ बदलली, की यंत्र आपोआप पूर्ण गणित चालवतं आणि नवी लहर त्या जपलेल्या लहरीशी ताडून पाहतं. जुळली नाही तर बदल अडतो.

एककांचंही तसंच. न्यूरॉनच्या पोटातून डायपोलचा, म्हणजे फाट्यांतल्या प्रवाहाच्या एकत्रित जोराचा, आकडा फेम्टोअँपिअर-मीटरमध्ये बाहेर पडतो. एमईजीवाले नॅनोअँपिअर-मीटरमध्ये बोलतात. दोन्हींत दहा लाख पटींचा फरक. हे रूपांतर कुठे, किती वेळा होतं हे स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर कोणी तरी दोनदा भागेल किंवा एकदाही भागणार नाही, आणि आलेखाचा आकार मात्र तंतोतंत बरोबर दिसेल. आकार बरोबर आणि आकडा चूक, ही या क्षेत्रातली सर्वांत धोकादायक स्थिती. कारण त्याच आकड्यावरून पेशी किती असाव्यात ते आपण सांगणार असतो. म्हणून रूपांतराला वेगळं, नाव दिलेलं फंक्शन लागतं, त्याची वेगळी चाचणी लागते आणि दस्तऐवजात दोन ओळी लागतात.

या दोन ओळी लिहिणारा माणूस संशोधक आहे असं मी मानते. आपल्याकडे बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. दुसऱ्याच्या कोडमधली चूक शोधणं, चाचणी लिहिणं, नवख्याला वाचता येईल असं मार्गदर्शन तयार करणं, यांची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. ही मोजण्याची पद्धत बदलली पाहिजे. 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर'ने २०१६ पासून एक चांगला पायंडा पाडला आहे. तिथे परीक्षक निबंध वाचून थांबत नाहीत; सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर बसवतात, चालवतात, चाचण्या पाहतात आणि त्यांचं बोलणं सर्वांना वाचायला खुलं असतं. मी पोरांना ती संभाषणं वाचायला लावते. सभ्यपणे, मुद्द्यावर बोट ठेवून दुसऱ्याचं काम कसं सुधारावं, याचा इतका चांगला पाठ माझ्याकडे दुसरा नाही. उन्हाळ्यात प्रॉव्हिडन्समध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा अमरावतीत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. कॉलेज सुटल्यावर विचारलेल्या प्रश्नाला जेवणाआधी उत्तर येऊ शकतं.

आमचं स्वतःचं काम यापुढे अगदी लहान आहे. ईईजीच्या यंत्रातून निघणारी फाइल वाचायची, साफ करायची आणि एचएनएनच्या लहरीशेजारी ठेवायची, एवढं करणारी पायथनची काही पानं आम्ही लिहितो आहोत. त्यातलं सर्वांत आधी लिहिलेलं पान मेंदूबद्दल नाहीच. ईईजीची देवघेव १९९२ पासून ईडीएफ या स्वरूपात होते. त्या फाइलच्या अगदी सुरुवातीला आठ अक्षरांनंतर ८० अक्षरांची जागा पेशंटच्या ओळखीसाठी राखलेली असते. नाव, जन्मतारीख, काय असेल ते तिथे उघडं पडलेलं असतं. फाइल उघडल्याबरोबर ती ८० अक्षरं पुसायची आणि मगच पुढचं काहीही करायचं, हे आमचं पहिलं पान करतं. पोरांना आधी हे कंटाळवाणं वाटलं. पण ज्या आईने विश्वासाने आपल्या लेकराचं डोकं आपल्या तारांना दिलं, तिच्याशी असलेला आपला करार त्या ८० अक्षरांत आहे.

दुसरं पान ५० हर्ट्‌झचं. अमेरिकेत घरातली वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून तिकडच्या बऱ्याच उदाहरणांत ६० ची पट्टी गाळलेली दिसते. ते जसंच्या तसं उतरवलं, तर वऱ्हाडातली गुणगुण जशीच्या तशी राहते.

स्पर्शाचा प्रयोग मात्र दवाखान्यातल्या नेहमीच्या नोंदीवर होत नाही. तिथे स्पर्श नेमका कधी झाला, याची खूण फाइलमध्ये नसते, आणि एका स्पर्शाची लहर उरलेल्या गजबजीत बुडून जाते. म्हणून प्रयोगशाळेत मोबाइलच्या आत असते तशी छोटी थरथरणारी मोटर बोटाला बांधली. तिला चालवणारा अर्डुइनो हा छोटा नियंत्रक बोर्ड त्याच क्षणी नोंदीत एक खूण टाकतो. मग शंभर वेळा थरथर द्यायची, शंभर तुकडे कापायचे आणि सरासरी काढायची. मेंदूचं उत्तर दर वेळी त्याच जागी येतं, गोंधळ दर वेळी वेगळा असतो. शंभरांच्या सरासरीत गोंधळ दहापट खाली जातो. बुडालेली लहर वर येते.

ती एचएनएनच्या लहरीशेजारी ठेवताना पोरांना मी एक गोष्ट निक्षून सांगते: दोन आलेख जुळले म्हणजे कारण सापडलं असं नाही. हेल्महोल्ट्‌झची अडचण मॉडेललाही चुकत नाही. पेशींच्या जोडण्यांचे आकडे वेगवेगळे ठेवूनही जवळपास सारखीच लहर मिळू शकते. शिवाय डोक्यावरचा इलेक्ट्रोड कॉर्टेक्सच्या एकाच ठिपक्याचं ऐकत नाही, अनेक ठिपक्यांचं मिसळलेलं ऐकतो. त्यामुळे आधी उगमस्थान शोधावं लागतं, त्यासाठी एमएनई-पायथनसारखं दुसरं सॉफ्टवेअर लागतं. मॉडेल आपल्याला एक तपासता येण्याजोगा अंदाज देतं. तो पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगाने किंवा वेगळ्या नोंदीने खरा-खोटा ठरवायचा. शेर्मन, जोन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नेमकं हेच केलं. माणसांच्या नोंदींत बीटा, म्हणजे वीस हर्ट्‌झच्या आसपासच्या, लहरीचे जेमतेम १५० मिलिसेकंदांचे झटके दिसत होते. मॉडेलने सांगितलं, की वरून येणारा जोरदार, साधारण ५० मिलिसेकंदांचा संदेश आणि खालून येणारा पसरट संदेश एकाच वेळी आले की असा झटका तयार होतो. मग उंदरांच्या आणि माकडांच्या मेंदूतल्या नोंदी त्यासाठी पडताळल्या गेल्या.

अकोल्यातल्या डॉक्टरांनी मला एकदा सरळ विचारलं, याचा माझ्या पेशंटला उद्या काय उपयोग? उद्या काहीच नाही, असं मी त्यांना सांगितलं. फ्रान्समध्ये मार्सेचे व्हिक्टर जिर्सा आणि त्यांचे सहकारी 'द व्हर्च्युअल ब्रेन' या वेगळ्या जातीच्या सॉफ्टवेअरने फेफऱ्याच्या पेशंटच्या मेंदूचं प्रतिरूप बनवतात. शस्त्रक्रियेआधी झटक्याची जागा ठरवायला त्याची मदत होते का, याची मोठी चाचणी २०१९ मध्ये तिथे सुरू झाली. त्या वाटेने काही वर्षांनी काही तरी आपल्यापर्यंत येईल. त्या दिवशी ते वापरायला, त्यावर शंका घ्यायला, आपल्याकडच्या आकड्यांवर ते चालतं का हे तपासायला इथली माणसं तयार असली पाहिजेत. त्यासाठी मी शिकवते.

परवा तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने, ती दर्यापूरची, प्रयोगशाळेत विचारलं, "मॅडम, वरचा अन् खालचा, दोन्ही इनपुट दहा हर्ट्‌झचे ठेवले अन् एकाच टायमाले आले, त काय होईन?" मी तिला चालवून पाहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आलेख घेऊन आली. दोन संदेश एकाआड एक येत राहिले, तर दहा हर्ट्‌झची अल्फा ठळक दिसते. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी आले आणि वरचा जोरात असला, तर वीसच्या आसपासची बीटा डोकं वर काढते. जोन्स यांनी २००९ साली हेच दाखवलं होतं, आणि तिने तो निबंध तोवर वाचलेला नव्हता.

आता तिला हात हलवल्यावर काय होतं ते पाहायचंय. मूठ आवळली की डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या, सी-३ आणि सी-४ या इलेक्ट्रोडांवरची दहा हर्ट्‌झची लहर दबते, हे जुनं ज्ञान आहे. ती दबताना अल्फा आणि बीटा यांच्यापैकी आधी कोण जातं आणि मॉडेलमध्ये तसं घडवायला कोणता संदेश कमी करावा लागतो, हा तिचा प्रश्न. नैतिकता समितीकडे अर्ज गेला आहे. संमतिपत्राचा मराठी मसुदा तिनेच केला आहे. त्यात नोंद घेताना काय होईल, फाइलमधलं नाव केव्हा पुसलं जाईल, आणि मधेच थांबायचं असेल तर नुसता हात वर केला तरी चालेल, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.